'सायलेन्स' : रक्तसाक्षींच्या इतिहासातील एका पराभूताची कथा

ऐतिहासिक कादंबरीवर मराठी वाचकाचे प्रेम जुने आहे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली पुस्तकरूपाने आली, त्यानंतर हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' आणि 'गड आला पण सिंह गेला' लिहून या प्रकाराला घराघरांत नेले. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२), ना. सं. इनामदारांची 'राऊ', विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) ही पुस्तके आपल्या ख्रिस्ती घरांतूनही मोठ्या आवडीने वाचली गेली. परंतु प्रेम जुने असले तरी वाचनाची शिस्त त्या प्रमाणात रुजली आहे, असे म्हणवत नाही. कादंबरी वाचून मिटली की माधवराव पेशवे रमाबाईंशी तसेच बोलले असतील, असे आपण धरून चालतो. कादंबरीकाराने रचलेला संवाद पुढे व्याख्यानांत इतिहास म्हणून सांगितला जातो.

कॅथलिक वाचकाची अडचण आणखी एका कारणाने वाढते. लहानपणापासून आपल्या कानांवर संतचरित्रे पडलेली असतात. त्यामुळे भूतकाळातील ख्रिस्ती माणसांवरचे कोणतेही पुस्तक हाती आले, की आपण दोनच प्रश्न विचारतो. पहिला, हे खरेच असे घडले का? दुसरा, यातून बोध काय घ्यायचा? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण कादंबरीला ते पुरेसे नाहीत. पहिला प्रश्न बखरीला किंवा कागदपत्राला विचारायचा, दुसरा प्रवचनाला. कादंबरीचे परीक्षण करताना त्यांच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावे लागतात. लेखकाने इतिहासातून काय घेतले? घेतलेले कोठे बदलले, आणि त्या बदलाने काय साधले? आणि हाताशी असूनही त्याने काय बाहेर ठेवले? या तीन प्रश्नांच्या आधारे एका गाजलेल्या आणि वादग्रस्त कॅथलिक कादंबरीकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ती म्हणजे जपानी लेखक शुसाकू एंडो यांची 'सायलेन्स'.

वसईशी असलेले नाते

जपानमधील धर्मछळाचा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. फ्रान्सिस्कन संघाचे हे बंधू जपानी भाषा उत्तम जाणत. १५९३ साली मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कनांचे ते दुभाषी झाले आणि चार वर्षांनी त्यांच्याबरोबरच मरणाला सामोरे गेले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद दिले. गासच्या चर्चला त्यांचे नाव आहे, आणि वसईतील कोणत्याही ख्रिस्ती मुलाला त्यांची कथा ठाऊक असते.

एंडो यांची कादंबरी याच इतिहासाच्या पुढच्या पर्वात घडते. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले, त्यानंतर काही दशके जपानमध्ये श्रद्धा झपाट्याने पसरली. १५८७ साली हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. १६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी घातली आणि १६३७-३८ च्या शिमाबारा उठावानंतर तर ख्रिस्ती असणे हाच देशद्रोह ठरला. अधिकाऱ्यांना तोवर एक गोष्ट कळून चुकली होती. माणसांना क्रुसावर चढवल्याने रक्तसाक्षी निर्माण होतात आणि लोकांची श्रद्धा अधिकच दृढ होते. म्हणून त्यांनी मारण्याऐवजी धर्मत्याग करवून घेण्याची पद्धत शोधली. कानामागे बारीक छेद देऊन माणसाला खड्ड्यात उलटे टांगायचे, म्हणजे मरण लवकर येत नाही. आणि सामान्य गावकऱ्यांसाठी 'फुमिए', म्हणजे प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा. ती जमिनीवर ठेवायची आणि संशयिताला तिच्यावर पाय द्यायला लावायचे. नागासाकी परिसरात हा प्रकार दरवर्षी होत असे. संत गोन्सालो गार्सियांच्या काळातील छळ शरीराचा होता. पुढच्या पिढीला सोसावा लागलेला छळ अंतःकरणाचाही होता. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय 'सायलेन्स' समजत नाही.

लेखक आणि कथानक

एंडो यांचा जन्म १९२३ चा. आईवडील विभक्त झाल्यावर आई कॅथलिक झाली आणि तिच्या इच्छेने मुलाचाही लहानपणीच बाप्तिस्मा झाला. आईने अंगावर चढवलेला हा पाश्चात्त्य पोशाख आपल्याला नीट बसत नाही, तो उसवून जपानी अंगाला बसेल असा शिवणे हेच आपले काम, अशा अर्थाचे ते वारंवार लिहीत. १९५० साली ते फ्रेंच साहित्याच्या अभ्यासासाठी फ्रान्सला गेले. तेथे क्षयाने गाठले, आणि १९६० नंतर फुप्फुसांच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. नागासाकीत त्यांनी एक जुनी फुमिए पाहिली. तिच्या लाकडी चौकटीवर पायांच्या बोटांचे काळे ठसे उमटलेले होते. ते पाय कोणाचे असतील, हा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. १९६६ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीय धर्मगुरूंनी तिचा इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये केला, आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २०१६ च्या चित्रपटाने ती आपल्या तरुणांपर्यंतही पोहोचली.

कथानक थोडक्यात असे. जपानमधील येशूसंघीयांचे ज्येष्ठ, फादर फरेरा यांनी धर्मत्याग केल्याची वार्ता युरोपात येते. त्यांचे विद्यार्थी असलेले रॉड्रिग्ज आणि गार्पे हे दोन तरुण पोर्तुगीज धर्मगुरू सत्य शोधण्यासाठी लिस्बनहून निघतात आणि गोवा व मकाव मार्गे गुप्तपणे जपानच्या किनाऱ्यावर उतरतात. (रॉड्रिग्ज हे आडनाव आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी दारांवर आहे. या कथेतील माणसे परकी वाटत नाहीत त्याचे हेही एक कारण.) तेथील गरीब शेतकरी त्यांना झोपडीत लपवतात. मोकिची आणि इचिझो या दोघा गावकऱ्यांना समुद्रात खांबाला बांधले जाते आणि भरतीच्या लाटा त्यांचा हळूहळू घास घेतात. बांधून पाण्यात ढकललेल्या ख्रिस्ती लोकांकडे पोहत जाताना गार्पे बुडतो. रॉड्रिग्ज पकडला जातो. त्याला विश्वासघाताने पकडून देणारा किचिजिरो हा दुबळा, दारुडा माणूस त्याच्या मागेमागे क्षमा मागत फिरतो. अखेरच्या रात्री कोठडीत रॉड्रिग्जला घोरण्याचा आवाज ऐकू येतो. ते घोरणे नसून खड्ड्यात टांगलेल्या शेतकऱ्यांचे कण्हणे आहे, असे फरेरा त्याला सांगतात. त्या शेतकऱ्यांनी स्वतः धर्मत्याग केव्हाच केला आहे, पण हा धर्मगुरू प्रतिमेवर पाय देईपर्यंत त्यांची सुटका नाही. पहाटे तो पाय देतो. दूर कोंबडा आरवतो.

काय घेतले, काय बदलले

आता पहिले दोन प्रश्न. फरेरा ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. क्रिस्तोव्हाव फरेरा यांनी ऑक्टोबर १६३३ मध्ये खड्ड्यात पाच तास काढल्यावर धर्मत्याग केला, सावानो चुआन हे जपानी नाव घेतले आणि १६५० साली त्यांचा मृत्यू झाला. चौकशी अधिकारी इनोऊए हाही इतिहासातला आहे. रॉड्रिग्जच्या मागे जुझेप्पे किआरा हे सिसिलीचे येशूसंघीय धर्मगुरू आहेत. ते १६४३ साली एका मोठ्या तुकडीबरोबर जपानला उतरले, पकडले गेले, छळाखाली धर्मत्याग केला आणि ओकामोतो सान्-एमोन या नावाने एदो शहरातील ख्रिस्ती बंदिवासात १६८५ पर्यंत जगले. एंडो यांनी सिसिलीच्या माणसाला पोर्तुगीज केले, तुकडीचे दोन मित्र केले, काळ काही वर्षे मागे नेला आणि दोघांनाही फरेरांचे विद्यार्थी ठरवले. हे शेवटचे कल्पित सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्याने आपल्याला श्रद्धेत घडवले तोच कोसळला, तर आपले काय, हा प्रश्न त्यामुळे कथेच्या केंद्रस्थानी येतो. इतिहासाशी फारकत घेऊन लेखकाने येथे कथेला तिचा प्राण दिला आहे. असा बदल दोष ठरत नाही.

कादंबरीची रचनाही याच दृष्टीने पाहावी. प्रारंभी लेखक इतिहासकाराच्या कोरड्या भाषेत बोलतो. नंतर रॉड्रिग्जची पत्रे येतात. त्यांत तो 'मी' म्हणून बोलतो, आणि त्या 'मी'मध्ये तारुण्यातला अहंकारही लपत नाही. रक्तसाक्षी होण्याच्या कल्पनेत तो रमतो. पकडला गेल्यावर पत्रे संपतात आणि निवेदन 'तो' असे होते. शेवटी तर एका डच कारकुनाची आणि बंदिवासातील अधिकाऱ्याची रोजनिशी एवढेच उरते. माणूस क्रमाक्रमाने आपल्यापासून दूर जातो आणि सरकारी नोंदीतले एक नाव होतो. पुष्कळ वाचक ही शेवटची रोजनिशी कंटाळून सोडून देतात, आणि तेथेच त्यांची फसगत होते. त्या रुक्ष नोंदींत, कित्येक वर्षांनंतर सान्-एमोनकडून पुन्हा धर्मत्यागाचा लेख लिहून घेतल्याची नोंद येते. आधीचा त्याग पक्का होता, तर पुन्हा लिहून घेण्याची गरज का पडावी? त्याच घरात राहणाऱ्या किचिजिरोजवळ ख्रिस्ती प्रतिमा सापडते. एंडो काहीच स्पष्ट करून सांगत नाहीत, पण लक्ष देणाऱ्या वाचकाला या दोन नोंदींत विझलेल्या राखेखालची धग जाणवते. रॉड्रिग्जने प्रतिमेवर पाय दिला तेथे कादंबरी संपली असे समजून जे परीक्षण लिहितात, त्यांनी पुस्तक अर्धेच वाचले असे म्हणावे लागते.

पात्रांत सर्वांत जिवंत उतरला आहे तो किचिजिरो. प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला तो ओळखू येईल. तेच पाप घेऊन तोच माणूस पुन्हा येतो, तेच शब्द बोलतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधी करुणा, मग कंटाळा, मग तिरस्कार उभा राहतो. रॉड्रिग्ज त्याला क्षमेचे शब्द देतो, पण मनातून त्याची किळस करतो. स्वतः पडल्यावरच त्याला किचिजिरो समजतो. छळ नसलेल्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून जगलो असतो, ही किचिजिरोची तक्रार वाचकाला निरुत्तर करते. आपल्यापैकी किती जणांची श्रद्धा केवळ परीक्षा न झाल्यामुळे शाबूत आहे, हा विचार त्यानंतर टाळता येत नाही.

खलपुरुषाचे चित्रण हेही या कादंबरीचे बळ आहे. इनोऊए राक्षस नाही. तो सौम्य, हसतमुख, वृद्ध गृहस्थ आहे. तो एके काळी स्वतः बाप्तिस्मा घेतलेला होता, असे कादंबरीत सांगितले आहे. तो युक्तिवाद करतो आणि त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. जपानी असलेल्या आणि आपल्या धर्मबांधवांच्या छळाची कथा सांगणाऱ्या लेखकाने छळणाऱ्याला असे माणूस म्हणून उभे करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

काय बाहेर राहिले

परंतु तिसरा प्रश्न विचारल्यावाचून समतोल परीक्षण होत नाही. ऑक्टोबर १६३३ मध्ये फरेरांबरोबर ज्यांना टांगले, त्यांत फादर जुलियान नाकाउरा हे जपानी येशूसंघीय धर्मगुरू होते. १५८२ साली जे चार जपानी कुमार रोमला पोपमहोदयांच्या भेटीस निघाले आणि जाता-येता गोव्यास थांबले, त्यांपैकी हे एक. फरेरा पाच तासांनी बाहेर आले. नाकाउरांनी माघार घेतली नाही, आणि २१ ऑक्टोबर १६३३ रोजी त्यांनी प्राण सोडला. २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत १८८ रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित करण्यात आले, त्यांत त्यांचा समावेश आहे. कादंबरीत ते पात्र म्हणून येत नाहीत. एंडो यांचा विषय पराभूत माणूस हा आहे, त्यामुळे त्यांनी प्रकाश तेथे टाकला, हे समजण्यासारखे आहे. तथापि या निवडीचा एक परिणाम होतो. कादंबरीत शेवटपर्यंत टिकणारे जपानी सारे गरीब गावकरी, आणि विचार करणारे, बोलणारे धर्मगुरू सारे युरोपीय. शिकलेला, पुरोहित झालेला आणि न डगमगलेला जपानी माणूस वाचकाला भेटतच नाही. मग हा देश दलदल आहे, येथे ख्रिस्ती धर्माचे रोप मुळाशी कुजते, हा फरेरांचा युक्तिवाद कथेत जवळजवळ अनुत्तरित राहतो.

त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे, आणि ते कादंबरीपेक्षाही विलक्षण आहे. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि त्यांनी फादर पेतीजाँ यांच्याजवळ आपली श्रद्धा तीच असल्याचे हळूच सांगितले. त्यांना पवित्र मरियेची मूर्ती पाहायची होती. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंवाचून, मिस्सेवाचून, पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा देत आणि उपवासाचे दिवस मोजत त्यांनी श्रद्धा जपली होती. हे लोक कोणाचे वंशज? ज्यांनी दरवर्षी फुमिएवर पाय दिला, घरी परतून रडत पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली आणि रात्री मुलांना तीच प्रार्थना शिकवली, त्यांचे. म्हणजे नाकाउरांसारख्यांचे रक्त आणि पाय देणाऱ्यांचे अश्रू, ही दोन्ही या झाडाच्या मुळाशी आहेत. एंडो यांनी अश्रूंची बाजू मांडली, रक्ताची बाजू ख्रिस्तसभा पूर्वीपासून मांडत आली आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय जपानच्या ख्रिस्तसभेचे चित्र पुरे होत नाही.

एक कळीचा आक्षेप

या पुस्तकावर मोठा आक्षेप असा घेतला जातो, की प्रतिमेतील ख्रिस्त स्वतःच रॉड्रिग्जला पाय देण्यास सांगतो, म्हणजे लेखकाने धर्मत्यागाला प्रभूची संमती मिळवून दिली. जपानमधील काही धर्माधिकाऱ्यांनीही प्रारंभी हे पुस्तक भाविकांनी वाचू नये अशी भूमिका घेतली होती. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रद्धेचा जाहीर त्याग हे गंभीर पाप आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे, आणि इतरांचे प्राण वाचवणे या चांगल्या हेतूनेही वाईट कृत्य चांगले होत नाही. कादंबरी म्हणून पाहिले तरी तो क्षण मला काहीसा सैल वाटतो. सबंध पुस्तकभर जो देव मौन आहे, तो नेमका नायकाच्या अडचणीच्या वेळी, नायकाला हवे तेच बोलतो. लेखकाने तो आवाज कोणाचा हे अधिक संदिग्ध ठेवले असते, तर कलाकृतीचे बळ वाढले असते.

पण आक्षेपकांनी एक गोष्ट दृष्टीआड केली आहे. पाय देताना रॉड्रिग्जच्या पायात असह्य वेदना उठते, आणि कोंबडा आरवतो. कोंबड्याचा हा उल्लेख सहज आलेला नाही. शुभवर्तमान वाचणाऱ्याला त्या आरवण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. संत पेत्राने नाकारले ते पापच होते, शुभवर्तमान त्यावर पांघरूण घालत नाही. तरीही प्रभूने त्याच पेत्रावर मेंढरांची जबाबदारी सोपवली. एंडो यांनी या कृत्याला नाकारणे असेच म्हटले आहे, आणि मग विचारले आहे की नाकारल्यानंतर प्रभूचे प्रेम संपते का. हा प्रश्न कॅथलिक श्रद्धेच्या बाहेरचा नाही. तो कबुलीच्या खिडकीशी रोजच विचारला जातो.

आपल्यापुरते

शेवटी आपल्या वाचनाविषयी थोडे. वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकला. त्या काळावरच्या मराठी लेखनात फिरंगी आणि पाद्री पुष्कळदा एकाच साच्यातून काढलेले दुष्ट असतात, आणि ते वाचून आपल्या तरुणांना राग येतो. तो राग अस्थानी नाही. परंतु न्याय दोन्हीकडून मागायचा असतो. गोव्यातील धर्मन्यायासन १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, चालले, आणि त्याखाली माणसांनी भोगले. एखाद्या कादंबरीकाराने ते लिहिले, तर ते समाजावरचे आक्रमण आहे असे म्हणून आपण उठून उभे राहणार काय? दुसऱ्याच्या लेखनात आपल्याला माणूस म्हणून जागा हवी असेल, तर एंडो यांनी इनोऊएला जी जागा दिली ती आपणही द्यायला शिकले पाहिजे. आपल्यातून कोणी वसईवर ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसेल, त्याने पोर्तुगीजांना देवदूत आणि मराठ्यांना लुटारू केले, तर तोही तोच साचा फक्त उलटा धरील.

घरात हे पुस्तक कोणाला द्यावे, असे पालक विचारतील. शाळकरी मुलांना ते झेपणार नाही, महाविद्यालयीन मुलांना अवश्य द्यावे. मात्र एकटे देऊ नये. संत गोन्सालो गार्सियांचे चरित्र आणि १८६५ च्या ओउराची हकीकत सोबत ठेवावी, आणि वाचून झाल्यावर जेवणाच्या ताटावर त्याविषयी बोलावे. रॉड्रिग्जचे चुकले का, असे मुलांनी विचारले तर 'हो' म्हणायला कचरू नये. किचिजिरोचे काय झाले असेल, असे त्यांनी विचारले तर मात्र उत्तर देण्याची घाई करू नये. शेवटची रोजनिशी पुन्हा उघडावी आणि त्या दोन नोंदी त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात.